दोन पंप जुळवत बसू नका, एक काढून टाका

गच्चीवर कुंड्या वाढत वाढत कठड्यापर्यंत पोचल्या की माणसाला अ‍ॅक्वापोनिक्स खुणावू लागतं. एका टाकीत मासे, शेजारी खडीच्या वाफ्यात पालक-पुदिना, आणि दोघांमधून फिरणारं तेच ते पाणी. माशांच्या घाणीवर भाजी पोसली जाते, भाजीमुळे माशांचं पाणी शुद्ध राहतं. व्हिडिओत हे इतकं सुटसुटीत दिसतं की लोक शनिवारी टाक्या आणतात, रविवारी पाइप जोडतात आणि सोमवारी सकाळी खालच्या मजल्यावरून निरोप येतो, तुमच्या गच्चीतून पाणी गळतंय.

मग जो प्रश्न विचारला जातो तो बहुतेकांचा एकच असतो. "एक पंप पाणी वाफ्याकडे चढवतो, दुसरा ते माशांकडे परत आणतो. दोन्ही एकाच मॉडेलचे घेतलेत. तरी एक टाकी भरून वाहते आणि दुसरी कोरडी पडते. दोघांचा मेळ कसा घालायचा?"

मेळ घालता येत नाही. घालायची गरजही नाही. असं का, हे कळलं की पाइप, टाक्या आणि पंप यांची सगळी मांडणी आपोआप सुचत जाते.

पाणी फिरवायचं कशासाठी?

मासे शरीरातला अमोनिया पाण्यात सोडतात, तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. तो साचला तर मासे मरतात. खडीच्या पृष्ठभागावर राहणारे एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही माशांना विषारीच असतं. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते झाडांचं खत. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, माशांना लागतो, झाडांच्या मुळांनाही लागतो. अमोनिया जिवाणूंपर्यंत आणि प्राणवायू सगळ्यांपर्यंत पोचवायचं काम वाहत्या पाण्याचं.

किती वाहतं पाणी हवं, याचा रूढ अंदाज असा: माशांच्या टाकीत जेवढं पाणी आहे, तेवढं दर तासाला एकदा फिरावं. टाकी ५०० लिटरची असेल तर ताशी ५०० लिटर. थोडं कमी-जास्त चालतं. पुढचा सगळा हिशोब मी याच ५०० लिटरच्या टाकीवर आणि प्रत्येकी २०० लिटरच्या दोन वाफ्यांवर करणार आहे. सुरुवातीला यापेक्षा मोठं काही करूही नये.

एकाच खोक्यातले दोन पंप सारखे का नसतात?

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. कूलरसाठी मिळणारा छोटा १८ वॉटचा पंप घेतला तर साधारण 'ताशी ११०० लिटर' आणि 'एच-मॅक्स १.८५ मीटर' असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात. खरी गोम दुसऱ्यात आहे.

पंप पाणी जेवढ्या उभ्या उंचीवर चढवतो तिला हेड म्हणतात. उंची शून्य असेल तेव्हा ११०० लिटर मिळतात. १.८५ मीटरवर काहीच मिळत नाही, पाणी पाइपात तिथपर्यंत चढून नुसतं उभं राहतं. मधल्या उंचीवर मधलं काहीतरी मिळतं. मीटरभर चढवायचं असेल तर ११०० चे ढोबळमानाने निम्मे राहतात. पाइप बारीक असेल, एल्बो (पाइप वळवणारे कोपरे) जास्त असतील, तर आणखी कमी.

आता हे दोन पंपांना लावून पाहा. पहिला पंप ज्या टाकीतून पाणी उपसतो तिची पातळी खाली जाते, म्हणजे त्याची चढण वाढते. दुसऱ्याच्या टाकीत पातळी वर येते, त्याची चढण कमी होते. एकाच्या जाळीत शेवाळ अडकतं, दुसऱ्याच्या अडकत नाही. एका पाइपात तीन एल्बो, दुसऱ्यात पाच. समजा हे सगळं सांभाळूनही फरक फक्त ताशी ५० लिटरचा राहिला. दहा तासांत ५०० लिटर पाणी एका बाजूला सरकलं. रात्री दहाला सगळं ठीक दिसत होतं आणि सकाळी आठला मासे तळाशी तडफडत होते, याचा हिशोब एवढाच आहे.

व्हॉल्व्ह अर्धा-पाऊण पिळून दोन्ही पंप जुळवणारे मी पाहिलेत. तासभर जुळतात. नंतर गाळ येतो.

पाणी वर न्यायला पंप, खाली यायला उतार

सुटका एकाच गोष्टीत आहे. पाणी फक्त एका ठिकाणी उचलायचं आणि तिथून पुढचा सगळा प्रवास उतारावर सोडून द्यायचा. मांडणी अशी: माशांची टाकी सर्वांत उंच. तिच्या काठापाशी बाहेर पडणारा पाइप. तो वाफ्यांत पडतो. वाफ्यांचं पाणी त्याहून खाली ठेवलेल्या एका टाकीत उतरतं. या सर्वांत खालच्या टाकीला संप म्हणू. पंप एकटा, संपमध्ये. तो पाणी परत माशांच्या टाकीत चढवतो.

यात मेळ कोण घालतं? ओसंडणारा पाइप. माशांच्या टाकीत पाणी काठापाशी पोचलं की जेवढं आत येईल तेवढंच बाहेर पडतं. पंपाने ५०० लिटर दिले तर ५०० सांडतात. पंपाची जाळी तुंबून ३८० झाले तर ३८० सांडतात. पंप बंद पडला तर सांडणं थांबतं आणि टाकी भरलेलीच राहते. कुणी मोजत नाही, कुणी व्हॉल्व्ह पिळत नाही. दोन पंपांना हे कधीच साधत नाही, कारण दुसऱ्या पंपाला पहिला काय करतोय ते कळायला मार्ग नसतो. पातळीला मात्र कळतं.

ही घरगुती क्लृप्ती आहे असं वाटत असेल तर एक मोठं उदाहरण देतो. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी उभारलेला प्रकल्प अ‍ॅक्वापोनिक्सवाल्यांमध्ये सर्वश्रुत आहे. माशांच्या चार टाक्या, प्रत्येकी ७,८०० लिटरची. पाणी तिथून गाळ बसवणाऱ्या टाक्यांत, मग झाडांच्या लांबच लांब हौदांत, मग संपमध्ये. हे सगळं उतारावर. पाणी परत चढवायला अर्ध्या अश्वशक्तीचा एकच पंप.

दोन बारकावे इथे विसरू नयेत, कारण याच दोन ठिकाणी टाकी रिकामी होते. बाहेर पडणारा पाइप तळापर्यंत नेलेला बरा, म्हणजे तळाची घाणही उचलली जाते. पण तो वर जिथे वळून बाहेर पडतो तिथे 'टी' (तीन तोंडांची जोडणी) लावून तिचं वरचं तोंड उघडं ठेवायचं. ते बंद असेल तर पाइप पाण्याने पूर्ण भरून सायफन सुरू होतो, म्हणजे स्वतःच्या ओढीने पाणी खेचत राहतो, आणि पाइपाच्या तळच्या टोकापर्यंत टाकी उपसून काढतो. दुसरा बारकावा पंपाच्या पाइपाचा. त्याचं वरचं तोंड माशांच्या टाकीत पाण्याखाली बुडवलेलं असेल तर पंप बंद पडताच पाणी त्याच वाटेने उलटं संपमध्ये येतं. तोंड पाण्याच्या वर ठेवा. वरून पडणारं पाणी हवाही मिसळतं, तो वेगळा फायदा.

आणि उताराचे पाइप जाड घ्या. पंपाकडून येणारी लाइन एक इंची चालते कारण तिच्यामागे दाब आहे. उतारावरच्या पाण्यामागे वितभर उंचीचा जोर असतो, त्याला दोन इंची वाट द्यायलाच हवी. इथे पैसे वाचवणारा माणूस पुढे दर आठवड्याला तार घालून पाइप साफ करतो.

संप किती मोठा हवा?

सगळ्यांत जास्त चुकणारा हिशोब हाच. २०० लिटरच्या वाफ्यात २०० लिटर पाणी मावत नाही, कारण जागा खडीने भरलेली असते. २० मिमी खडीत पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे एका वाफ्यात जास्तीत जास्त ८० लिटर पाणी. दोन वाफे मिळून १६०.

दोन्ही वाफे एकाच वेळी भरलेले असतील तेव्हा हे १६० लिटर संपमधून गेलेले असतात. त्याही क्षणी पंप बुडालेला राहायला हवा, नाहीतर तो कोरडा फिरून जळतो. त्यासाठी ५० लिटर धरा. आणि दोन्ही वाफे एकदम रिकामे झाले, वीजही गेली, तर १६० लिटर परत येणार. शिवाय माशांच्या टाकीतलं काठावर चढलेलं बोटभर पाणीही उतरणार. ते मावायला हवं. बेरीज सव्वादोनशेच्या पुढे जाते. म्हणजे २०० लिटरचं निळं पिंप पुरत नाही. २५० ते ३०० लिटरची पसरट, बुटकी टाकी घ्या. बुटकी अशासाठी की ती वाफ्यांच्या खाली बसवायची आहे.

या मांडणीत माशांची पातळी कायम तीच राहते, वाफ्यांची ठरलेल्या मर्यादेत हलते आणि बाष्पीभवनाने झालेली सगळी घट एकट्या संपमध्ये दिसते. आतून एक रेघ मारून ठेवली की रोज किती पाणी घालायचं ते नजरेनेच कळतं. फ्लश टाकीत असतो तसा बॉलकॉक लावून आपोआप पाणी भरायची सोयही लोक करतात. मला ती पसंत नाही. कुठे गळती लागली तर बॉलकॉक ती झाकून टाकतो आणि महापालिकेचं क्लोरीनयुक्त पाणी थेट आत सोडत राहतो. पिंपात एक-दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी तांब्याने घालणं परवडलं.

पंप निवडणं आणि बादलीची परीक्षा

आपल्याला ताशी ५०० लिटर हवेत, आणि संपच्या तळापासून माशांच्या टाकीच्या काठापर्यंत चढण सव्वा मीटरच्या आसपास जाईल. वरचा १८ वॉटचा पंप इथे कमी पडतो. एक पायरी मोठा, ४० वॉटच्या आसपासचा घ्या आणि लाइनवर 'टी' काढून जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधून परत संपमध्येच पडू द्या. पुढे जाळी तुंबली, पाइपात गाळ धरला, तर तो व्हॉल्व्ह थोडा बंद केला की प्रवाह पुन्हा मिळतो.

प्रत्यक्षात किती पाणी मिळतंय हे मोजायला मीटर नको. दहा लिटरची बादली वरच्या तोंडाखाली धरा. ७२ सेकंदांत भरली तर ताशी ५०० लिटर.

खडीतली भरती-ओहोटी

वाफ्यात पाणी कायम एकाच पातळीला ठेवलं तरी भाजी येते. पण पाणी चढून पुन्हा उतरलं की प्रत्येक वेळी मुळांकडे ताजी हवा ओढली जाते. हे दोन प्रकारे साधतं.

पहिला प्रकार टायमर. बाजारातला साधा फिरता टायमर पंधरा मिनिटांच्या खाचांचा असतो. पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. वाफ्यातलं पाणी बाहेर नेणाऱ्या उभ्या नळीच्या तळाशी एक बारीक भोक ठेवायचं, म्हणजे पंप बंद असताना पाणी हळूहळू उतरतं. साधं आणि भरवशाचं. अडचण एवढीच की पाऊण तास माशांच्या टाकीत पाणी पडत नाही, त्यामुळे हवेचा छोटा पंप वेगळा लागतो. तो तसाही हवाच.

दुसरा प्रकार बेल सायफन. यात पंप अखंड चालतो आणि वाफा स्वतःच भरतो, स्वतःच रिकामा होतो. वसुदेवाचा पेला पाहिला असेल तर हे लगेच समजेल. वसुदेवाने डोक्यावर घेतलेल्या बाळकृष्णाच्या पायाला पाणी लागतं आणि पेल्यातलं पाणी तळाच्या भोकातून आपोआप ओसरतं. तिथे मूर्तीच्या आत वाकडी नळी लपवलेली असते. इथे वाफ्याच्या मध्ये इंचभर व्यासाची उभी नळी असते आणि तिच्यावर वरून बंद, खालून खाचा असलेला जाड पाइप टोपीसारखा बसवलेला असतो. पाणी चढत चढत उभ्या नळीच्या तोंडावरून आत पडू लागलं की टोपीतली हवा त्याच्याबरोबर खाली ओढली जाते. हवा संपली की नळी पूर्ण भरून वाहते आणि पाणी तळापर्यंत खेचलं जातं. तिथे खाचांतून हवा आत शिरते, ओढ तुटते आणि वाफा पुन्हा भरायला लागतो.

आपल्या ५०० लिटरचे दोन वाट्यांत २५०-२५० झाले, तर एक वाफा भरायला वीस मिनिटांच्या आतच लागतात आणि सायफन ताशी हजार लिटर काढत असेल तर रिकामा व्हायला सहा-सात. दोन्ही वाफे थोडे मागेपुढे चालतात. संपचा हिशोब आधीच केलेला असल्याने ते एकदम रिकामे झाले तरी बिघडत नाही.

नवख्यांचा सायफन रुसतो तो बहुधा प्रवाहामुळे. पाणी फार हळू येत असेल तर ते उभ्या नळीच्या कडेवरून झिरपत राहतं आणि हवा कधीच पूर्ण निघत नाही. उपाय: नळीच्या वरच्या तोंडाला रिड्यूसर (जाड पाइप बारीक पाइपाला जोडणारा तुकडा) लावून नरसाळं करा, किंवा खालच्या टोकाला एक एल्बो द्या म्हणजे पाणी क्षणभर अडून नळी भरते. उलट पाणी फार जोरात येत असेल तर सायफन सुरू होतो पण तुटत नाही, वाफा तळाशीच अडकतो. मग टोपीच्या माथ्यातून तळाच्या खाचांपर्यंत एक बारीक नळी आणायची, म्हणजे पाणी खाली जाताच तिच्यातून हवा सरळ आत शिरते. दोन्ही वाफ्यांना पाणी देणाऱ्या वाटा सारख्या उंचीवर आहेत का हेही तपासा. नाहीतर एकाला जास्त मिळतं आणि एकच सायफन चालतो.

"मी फ्लोट स्विच लावला तर दोन पंप चालतील ना?"

चालतील. काही घरांत पर्यायच नसतो. माशांची टाकी जमिनीत बांधलेली असते, किंवा संप सर्वांत खाली बसवायला जागा नसते. अशा वेळी दोन पंप मुद्दाम विषम घ्या. परतीचा पंप चढत्या पंपापेक्षा ठळकपणे मोठा हवा आणि तो फ्लोट स्विचवर चालायला हवा. तो ज्या टाकीतून उपसतो तिची पातळी वर आली की चालू, खाली गेली की बंद. असं केलं की जुळवाजुळवीचं काम पुन्हा पातळीकडेच जातं.

पण फ्लोटमध्ये मूळ अडकू शकतं, गोगलगाय बसू शकते, सतत चालू-बंद होऊन आतला स्विच झिजतो. तो अडकला तर काय होईल ते आधी ठरवून ठेवा. माशांच्या टाकीतला पंप तळाशी न ठेवता तळापासून एक तृतीयांश उंचीवर टांगा. मग काहीही बिघडलं तरी तेवढं पाणी माशांना उरेल.

एकाच संपमध्ये दोन पंप ठेवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती चांगली. एक माशांकडे अखंड, दुसरा वाफ्यांकडे टायमरवर, दोन्हींचं पाणी उतारावरून त्याच संपमध्ये परत. दोघे जिथून घेतात तिथेच परत देतात, म्हणून त्यांना जुळवावं लागत नाही. फक्त प्रत्येकाचा पाइप वेगळा ठेवा. एका पाइपात दोन पंप जोडून पाणी दुप्पट होत नाही.

वीज गेली की

पाण्याचं काय होईल ते वर आलंच: थोडं संपमध्ये उतरेल आणि थांबेल. काळजी प्राणवायूची. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. रोहू, कटला, कोई अशा माशांना ५ च्या वर हवा असतो. म्हणजे मे महिन्यातल्या रात्री हाताशी फारसं काही शिल्लक नसतं, आणि गरम पाण्यात माशांची गरजही वाढते. टाकीत गर्दी असेल तर तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. ५०० लिटरमध्ये एकूण पाच किलोच्या आसपास मासे असतील तर बराच वेळ मिळतो.

बॅटरीवर पाण्याचा पंप चालवायचा हट्ट धरू नका, हवेचा पंप चालवा. १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पियर-तासांची यूपीएसमधली बॅटरी निम्मी वापरली तरी ५ वॉटचा डीसी हवापंप सात-आठ तास चालतो. पंगास किंवा देशी मागूर यांना पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते, म्हणून भारनियमनाच्या गावात ते सोयीचे. थाई मागूर मात्र नको, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

पाऊस, वजन आणि शॉक

कोकणात किंवा घाटमाथ्यावर एका दिवसात १०० मिमी पाऊस नवल नाही. टाक्या-वाफ्यांचं उघडं क्षेत्र अडीच चौरस मीटर असेल तर २५० लिटर जास्तीचं पाणी थेट संपमध्ये येतं. संपच्या काठाखाली जाळी लावलेलं एक निकासी तोंड ठेवा किंवा वर पत्रा टाका.

वजनाबद्दल कुणी बोलत नाही. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो. ५०० लिटरची टाकी मीटरभर जागेत अर्धा टन बसते. स्लॅबच्या मध्यावर ती ठेवू नका, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तळमजल्याचं अंगण असेल तर गच्चीचा नाद सोडलेला बरा. तिथे संप जमिनीत पुरताही येतो.

कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. इथेही तसाच पंप पाण्यात चोवीस तास बुडालेला आहे. ३० मिलिअ‍ॅम्पियरचं आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पंप जोडूच नका. सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, वायर खाली झोल देऊन मग वर न्यावी म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोचत नाहीत. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद.

बिल मात्र घाबरण्यासारखं नाही. ४० वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तर २९ युनिट होतात.

मासे आणण्याआधी

जिवाणू खडीत बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. तेवढा वेळ पाण्याची परीक्षा घ्यायला वापरा. वाफे भरत असताना मुख्य स्विच बंद करा आणि संपकडे बघत उभे राहा: सांडतो का? मग चालू करा: पंप उघडा पडतो का? एकदा रात्रीच्या जेवणाला बंद करून सकाळी चालू करा, सायफन स्वतःहून पुन्हा लागतो का पाहा. ओसंडणाऱ्या पाइपाच्या तोंडात मुद्दाम पालापाचोळा टाका आणि पाणी कुठून बाहेर येतं ते बघा. बोअरचं जड पाणी असेल तर महिन्याभराने पंप उघडून आतल्या पात्यांवरचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवून काढा. तो उघडलेला असताना लावायला दुसरा तसाच पंप घरात हवा, कपाटात, कोरडा.